साफ केलेला आवाज

परवा जव्हारला माझ्या जुन्या कॉलेजात मला बोलावलं होतं. बारावीच्या मुलांना सांगायचं, की गेम बनवायच्या क्षेत्रात यायचं असेल तर कुठला कोर्स घ्यावा आणि अनुभव कसा मिळवावा. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गणित सोडू नका म्हणालो, प्रोग्रामिंग नीट शिका म्हणालो, छोटे छोटे गेम पुरे करून लोकांच्या हातात द्या म्हणालो. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, तुमच्या पहिल्या गेममधले राक्षस जी भाषा बोलतात, ती तुम्ही स्वतः बनवली असं गेमच्या माहितीत लिहिलंय. भाषा कशी बनवतात?”

मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, सावकाश प्यालो, आणि म्हणालो, “तो मोठा विषय आहे, नंतर बोलू.” नंतर कसलं बोलतोय! कार्यक्रम संपल्यावर चहासुद्धा न घेता मी एसटी स्टँड गाठला. जव्हारहून आमचं घर जवळ, पण मी नाशिकची गाडी धरली.

खरं उत्तर असं होतं. ती भाषा मी बनवलेली नाही. ती आमच्या घरची बोली आहे, सूर्यमाळच्या पाड्यांवर बोलतात ती. आणि राक्षसांचा तो आवाज माझ्या आईचा आहे, तिला न विचारता घेतलेला. त्यापायी आईचं माझ्याशी बोलणं बदललं. ते पुन्हा पहिल्यासारखं होईल की नाही, मला माहीत नाही. एवढं एकच मला परत हवंय. वर्गात हे सांगायला माझी जीभ उचलली नाही, म्हणून इथं लिहितो.

आमच्याकडं जमीन नाही, कधी नव्हती. आई मजुरीला जाते, वडील वर्षातले आठ महिने ठाण्याकडं बांधकामावर असतात. मी आश्रमशाळेत शिकलो आणि अकरावी-बारावीला जव्हारच्या वसतिगृहात राहिलो. तिथल्या कॉलेजात एका खोलीत जुने कॉम्प्युटर होते. त्यातल्या एकावर सापाचा साधा गेम होता, आणि कुणीतरी त्याचा कोड उघडा ठेवला होता. मी त्यात एक आकडा बदलला तर साप सुसाट पळायला लागला. दुसरा बदलला तर भिंतीतून आरपार जायला लागला. म्हणजे हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं? मग ते मीही ठरवू शकतो की! त्या दिवसापासून डोक्यात दुसरं काही शिरेना.

बारावीनंतर ऑनलाइन फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मी एक रंगीत पत्रक घेऊन गणिताच्या सरांकडं गेलो. त्यावर ‘ॲनिमेशन आणि गेमिंग पदवी’ असं चमकत्या अक्षरांत छापलेलं होतं. सरांनी ते वाचलंच नाही. हातातला खडू त्यांनी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला फेकला. खडू वर गेला, वळला, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याच्या अलीकडं पडला.

“तिथंच का पडला?” सर म्हणाले.

मी जाऊन खडू उचलून आणला.

“हे ज्याला मांडता येतं त्याला गेम बनवता येतो. कोर्सच्या नावात गेम आहे का ते बघू नकोस. गेमच्या पोटात काय असतं ते बघ, आणि ते शिकवणारा कोर्स घे.” मग पत्रकाची घडी करून परत देत म्हणाले, “हे ठेव. वहीला कव्हर घाल.”

सरांचं ऐकलं. नाशिकच्या एका कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला अर्ज केला. दुसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय निवडायचे होते तेव्हाही, सोपे मार्क मिळवून देणारे विषय सोडून कॉम्प्युटर ग्राफिक्स घेतलं, मॅट्रिक्स-व्हेक्टरचं जास्तीचं गणित घेतलं. त्यात काही चुकलं नाही. अभ्यासक्रमाच्या बाबतीत मी शहाणाच निघालो. माझं शहाणपण दुसरीकडं शेण खायला गेलं होतं.

प्रवेशासाठी दाखले लागत होते. आई माझ्याबरोबर मोखाड्याला तहसील कचेरीत आली. आईला शाळेतली मराठी ऐकून समजते, पण बोलायची म्हणजे संकट. जीपमधून उतरल्यापासून कचेरीपर्यंत ती एकच वाक्य पुटपुटत चालली होती. खिडकीपाशी नंबर आल्यावर ती ताठ उभी राहिली, पदर सावरला, आणि अगदी बारीक, सपाट आवाजात म्हणाली, “नमस्कार साहेब. मुलाचा दाखला मिळावा, ही विनंती आहे.” एरवी दरीपलीकडच्या पाड्यावरच्या बाईशी इकडून गप्पा मारणारी माझी आई! तो आवाज कुणाचा होता हेच मला क्षणभर कळेना. बाहेर आल्यावर तिनं “हुश्श” केलं, आणि आपल्या बोलीत त्या साहेबाच्या टकलाबद्दल असं काही बोलली, की मी रस्त्यात उभा राहून हसलो.

नाशिकला गेल्यावर पहिल्या दिवाळीत घरी आलो तेव्हा तिला फोनवरून आवाजाचे निरोप पाठवायला शिकवलं. लिहिता येत नाही ना, मग हे बटण दाबून धर आणि बोल. आमच्या पाड्यावर रेंज नाही. वरच्या अंगाला एक मोठा खडक आहे, तिथं उभं राहिलं की येते. पहिला निरोप आला तो अजून आठवतो. त्यात तिनं फक्त माझ्या घरच्या नावानं हाक मारली होती, लांबलचक, दरीपलीकडं मारतात तशी, शेवटचा स्वर हवेत सोडून. आणि मग नुसता वारा. तिला वाटलं होतं, मी लगेच ओ देईन. ती थांबली होती. वारा वाहतोय, मागं कोंबडी कलकलतेय, आणि ती माझ्या ओची वाट बघतेय.

मग तिला जमायला लागलं. दर दोन-तीन दिवसांनी निरोप यायचा. शेळी व्याली. खुडूक कोंबडीनं पिल्लं काढली. तुझ्या वाटणीची सुकट डब्यात घालून ठेवलीय. जेवलास का. पोटभर जेव, तिथं कोण वाढणार आहे तुला. तिचे शब्द मी इथं शाळेच्या मराठीत लिहितोय. म्हणजे पुन्हा थोडंफार तेच करतोय, पण दुसरं करू काय?

वसतिगृहात मी हे निरोप मोठ्यानं ऐकायचो. तिथं सगळे आमच्यासारखेच, जो तो आपापल्या बोलीत घरी बोलायचा. पण कॉलेजच्या फाटकातून आत शिरलो की कानात इअरफोन. पहिल्याच आठवड्यात वर्गात उत्तर देताना माझ्या बोलण्यातला घरचा हेल ऐकून मागं कुणीतरी फिस्सकन हसलं होतं. माझ्यावर हसलं होतं की दुसऱ्या कशावर, देव जाणे. मी मात्र त्या दिवसापासून जीभ घासूनपुसूनच बाहेर काढायला लागलो. पुणेरी पोरांपेक्षा शुद्ध बोलायचो. एवढी मेहनत प्रोग्रामिंगवर घेतली असती तर!

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कॉलेजात गेम जॅम ठेवली. म्हणजे दोन दिवसांत एक गेम पूर्ण करायची स्पर्धा. आम्ही तिघं एकत्र आलो. नाशिकचाच एक मित्र चित्रं काढणार, वर्गातली एक मैत्रीण गोष्ट आणि नकाशे करणार, कोड आणि आवाज माझ्याकडं. गोष्ट अशी, की एक वीर तलवार घेऊन अंधाऱ्या जंगलातून जातो आणि तिथले राक्षस त्याला अडवतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं चालायला लागलं. फक्त राक्षस मुके होते. तयार आवाज लावून बघितले तर वाघसिंहांची सर्कस वाटायला लागली.

“असं काहीतरी पाहिजे,” मैत्रीण म्हणाली, “की ते बोलतात, पण आपल्याला ओ की ठो कळत नाही. रानटी भाषा असते ना, तसं.”

माझ्या खिशात फोन होता, आणि फोनमध्ये आई होती. मला अर्धं मिनिटसुद्धा विचार करावा लागला नाही, हे सगळ्यात वाईट. कोपऱ्यात जाऊन मी तिचे निरोप कॉलेजच्या लॅपटॉपवर घेतले. आवाज साफ करायचं एक सॉफ्टवेअर असतं. त्याला आधी दाखवायचं, की हा भाग म्हणजे नको असलेला आवाज, मग ते तेवढा पुसून टाकतं. मी वारा दाखवला. वारा गेला. कोंबड्या दाखवल्या. त्या गेल्या. हंड्याला हंडा आपटल्याचा आवाज गेला. उरलेला आईचा आवाज थोडा जाड केला, तुकडे केले, राक्षसांना वाटून दिले. सगळ्यात मोठ्या राक्षसाला तिची ती पहिली हाक दिली, आणि ती जवळजवळ आहे तशीच ठेवली, कारण ती ऐकून अंगावर काटा येत होता. वीर दिसला की तो हाक मारत पुढं येणार, आणि तलवार लागली की हाक तिथल्या तिथं तुटणार. ती तोडायची ओळही मीच लिहिली.

दोघांनी ऐकलं आणि उड्या मारल्या. “अरे, कुठली भाषा ही?”

त्या वेळी “आमच्या घरची” एवढे दोन शब्द बोलायचे होते. कुणी मला खाल्लं नसतं.

“मीच बनवली,” मी म्हणालो.

“बाप रे! जिनिअस आहेस तू.”

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. खरी शोभा त्यानंतर झाली. बक्षीस देताना एक परीक्षक म्हणाले, की या गेमचा प्राण त्यातली भाषा आहे, आणि ती बनवणाऱ्यानं स्टेजवर येऊन दोन वाक्यं बोलून दाखवावीत. सभागृह भरलेलं. मी माईकसमोर गेलो. खोटी भाषा पटकन सुचेना, मग जी तोंडात होती तीच बाहेर पडली. मी आमच्या बोलीत म्हणालो, “आई, मी जेवलोय. तू काळजी करू नको.” आणि ते राक्षसाचं वाटावं म्हणून डोळे वटारले, नाक फेंदारलं, हाताचे पंजे केले.

सगळे खदखदून हसले. टाळ्या थांबेनात. “वन्स मोअर” आला, आणि मी वन्स मोअर दिला. आज ते आठवलं की वाटतं, स्वतःच्या कानाखाली एक जाळ काढावा.

एकदा खोटं बोललं की त्याची देखभाल करावी लागते. तो गेम मी फोनवर चालेल असा करून सगळ्यांसाठी ठेवला, कारण नोकरी मागायची तर दाखवायला काम लागतं. माहितीत लिहिलं, ‘राक्षसांची भाषा: स्वतः तयार केलेली.’ बायोडेटात कौशल्यांच्या यादीत ‘भाषारचना’ असंही घातलं. तिसऱ्या वर्षी एका छोट्या कंपनीत गेम तपासण्याची इंटर्नशिप मिळाली. दिवसभर तोच गेम पुन्हापुन्हा खेळायचा, भिंतींना टकरा द्यायच्या, कुठं तुटतोय ते लिहायचं. तिथल्या मुलाखतीतही भाषेबद्दल विचारलं. मी व्याकरण कसं बांधलं यावर दहा मिनिटं बोललो. काय सांगू, इतकं सफाईदार बोललो, की माझं मलाच पटलं.

आई इकडं निरोप पाठवत होती. जेवलास का. कधी येतोस. घरी गेलो की थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी, म्हणायची, “दाखवा की तुमचा गेम.” मी म्हणायचो, तुमच्या फोनवर चालत नाही. आई म्हणायची, “राहू दे गं, त्याच्या कामाचं आपल्याला काय कळणार.” हे ती अभिमानानं म्हणायची आणि मी मान खाली घालून भाकरी मोडायचो.

इंटर्नशिप संपली ती मे महिन्यात. पक्की नोकरी मिळाली, म्हणून चार दिवस घरी निघालो. मोखाड्याच्या बाजारातून आईला लुगडं घेतलं, जीप पकडली, आणि पाड्यावर पोचलो तर घराला कडी. मे महिन्यात बाया कुठं असणार? झिऱ्यावर. आमच्याकडं त्या दिवसांत विहीर आटते. मग ओहोळात खड्डा करून बसायचं, पाणी पाझरून येईल तसं वाटीनं हंड्यात भरायचं. एकीची वाटी भरते तोवर बाकीच्या बसून राहतात.

वरून येतानाच हसण्याचा आवाज आला. खाली पाच-सहा जणी दाटीवाटीनं बसलेल्या, मध्ये आमच्या पाड्याची अंगणवाडीची ताई, तिच्या हातात फोन, आवाज पूर्ण मोठा. मोखाड्याला गेली असताना तिनं माझा गेम फोनमध्ये घेतला होता. आपल्या पाड्यावरच्या पोरानं बनवलेला, म्हणून कौतुकानं सगळ्यांना दाखवत होती.

मी करवंदीच्या जाळीआड थबकलो.

नाशिकमध्ये, कंपनीत, कुठंही, तो गेम खेळणाऱ्याला राक्षसांचं बोलणं म्हणजे नुसता कालवा होता. इथं प्रत्येकीला शब्द न् शब्द कळत होता. झाडामागून एक राक्षस आला आणि म्हणाला, पोटभर जेव. म्हातारी काकी फोनकडं बघून ओरडली, “जेवले बाई, जेवले!” पुन्हा हशा. दुसरा आला, म्हणाला, शेळी व्याली. “अगं, ही तर गेल्या साली व्याली ना?” कुणीतरी आईला कोपरानं ढोसलं. आईसुद्धा हसत होती, तोंडाला पदर लावून. तिला वाटत होतं, मुलानं आपला आवाज गेममध्ये घातलाय, म्हणजे आपल्याला मानच दिलाय.

मग मोठा राक्षस आला. त्यानं माझ्या घरच्या नावानं हाक मारली. बाया एकदम शांत झाल्या, कारण ती हाक त्या सगळ्यांच्या ओळखीची होती. लहानपणी संध्याकाळी मी रानात रमलो की पूर्ण पाडा ती ऐकायचा. ताईनं अंगठा दाबला. पुढं जायचं तर ते करावंच लागतं. तलवार फिरली, हाक मध्येच तुटली, राक्षसाचा धूर झाला.

कुणी हसलं नाही. ताईनं गडबडीनं फोन खाली घेतला, आणि तेवढ्यात काकीला मी दिसलो.

आई उठली नाही. तिथूनच म्हणाली, “ह्यात मी कोण आहे?”

“जंगलातले असतात ते,” मी म्हणालो.

“माणसं का जनावरं?” काकीनं विचारलं.

“राक्षस.”

“आणि तो मारणारा?”

“तो... खेळणारा. आपण.”

आईनं जरा विचार केला. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. “मी त्याला जेव म्हणते,” ती म्हणाली, “म्हणून मारतो?”

आता इथं तरी मी तिच्या पायाशी बसायचं की नाही? मी चिडलो. चोर तो चोर आणि वर मलाच राग! भर झिऱ्यावर त्या बायांसमोर मी ओरडलो, “गेम असतो तो! खोटं असतं सगळं! तुम्हाला कळत नाही त्यातलं, तर कशाला उघडता?” ताईचा चेहरा पडला. बिचारी कौतुक करायला बसली होती.

आईनं वाटी पाण्यात घातली. पाणी अजून वर आलं नव्हतं, नुसती वाळू खरवडली गेली. मग खाली बघतच तिनं विचारलं, “मागं आपली कोंबडी ओरडत होती. पिल्लं काढलेली. ती कुठं गेली?”

“ते काढून टाकावं लागतं,” मी अजून रागातच. “वारा, कोंबड्या, भांडी. कचरा असतो तो आवाजातला. आवाज साफ लागतो.”

“हां,” ती म्हणाली.

त्या चार दिवसांत ती मला एक शब्दही लावून बोलली नाही. रोज नागलीच्या भाकऱ्या केल्या, सुकटीचं कालवण केलं, मी वाढून घेतलं की निमूटपणे माझ्या ताटात अजून घातलं. लुगडं नेसून दाखवलं. मी तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तीनदा दुसरंच काहीतरी विचारलं. निघताना ती जीपपर्यंत आली. मला वाटलं, चला, मिटलं.

नाशिकला पोचल्यावर आठवडाभर निरोप नाही. मग आला. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलो होतो. बटण दाबलं.

“नमस्कार. मी आई बोलत आहे. इकडे सर्व ठीक आहे. पाण्याची सोय झाली आहे. जेवण वेळेवर करावे, ही विनंती आहे.”

तोच तहसील कचेरीतला आवाज, बारीक आणि सपाट, पाठ करून आणलेला. मागं वारा नाही, कोंबडी नाही, हंडा नाही. खडकावर वारा नाही असं कधी होत नाही. ती कुठं जाऊन बोलली असेल? नंतर वहिनीकडून कळलं. ती घरात दार लावून, कोंबड्या बाहेर हाकलून, डोक्यावरून गोधडी घेऊन निरोप बोलून ठेवते, आणि मग खडकावर जाऊन फक्त तो सुटेपर्यंत उभी राहते. वहिनीनं विचारलं तर म्हणाली, त्याला साफ लागतो.

मी लगेच उलटा निरोप पाठवला, आमच्या बोलीत. चुकलो म्हणालो. तू आपलं बोल, कोंबड्या असू देत, वारा असू दे, म्हणालो. बोलता बोलता रडलो, ऑफिसच्या पायऱ्यांवर. दोन दिवसांनी उत्तर आलं. “नमस्कार. निरोप मिळाला. काळजी नसावी.” घरी गेलो की तोंडावर ती आपल्या बोलीतच बोलते, हसतेसुद्धा. पण फोनवर नाही. तिच्या लेखी फोनमध्ये जे जातं त्याचं पुढं काय होतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. तिला चुकीचं तरी कसं म्हणू?

त्या दोघा मित्रांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, थुंकतील तोंडावर. मित्र म्हणाला, “अरे वेड्या, तुमच्या घरची भाषा आहे हे तेव्हाच सांगितलं असतंस तर आम्ही राक्षस नसते केले त्यांना. गोष्ट बदलली असती.” मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे ज्या हसण्याच्या भीतीनं मी हे केलं, ते हसणारं तिथं कुणी नव्हतंच. तरीही परवा जव्हारला, त्या मुलीसमोर, मी पुन्हा पाणी प्यालो. सवय इतकी चिवट असते. एसटीत बसल्यावर फोनवरून गेमच्या माहितीतली ती ओळ बदलली. आता तिथं लिहिलंय, ‘राक्षसांचा आवाज माझ्या आईचा, तिला न विचारता घेतलेला.’ कुणी वाचेल न वाचेल.

गेम मात्र माझ्यानं काढून टाकवत नाही. दरम्यान माझा जुना फोन बिघडला आणि त्यातले तिचे सगळे निरोप गेले. वाऱ्यासकट, कोंबड्यांसकट. आईची ती हाक आता माझ्याकडं एकाच ठिकाणी उरलीय.

म्हणून कधीकधी जेवणाच्या सुट्टीत मी तो गेम लावतो. मोठ्या राक्षसापर्यंत जातो आणि बटणावरून अंगठा काढून घेतो. आजवर खेळणाऱ्या कुणी ती हाक पुरी ऐकली नसेल, कारण सगळे आधीच तलवार चालवतात. मी नुसता उभा राहतो. ती माझं नाव घेत येते, शेवटचा स्वर लांबवते, अगदी जवळ येते, आणि मी तिथं हळूच ओ देतो. मग पडद्यावर अक्षरं येतात, की मी हरलो, पुन्हा खेळायचं का. मी हो म्हणतो.